एका वाक्यातली माणसं

काळ्या पडद्यावर ती निळी अक्षरं उमटून विझतात आणि क्षणभर काहीच नसतं. 'स्टार वॉर्स'च्या चाहत्याला हा क्षण पाठ असतो. त्यानंतर जॉन विल्यम्सच्या संगीतातल्या तुताऱ्यांचा दणका व्हायचा, पडदाभर नाव झळकायचं आणि पिवळ्या अक्षरांतला मजकूर तिरका होत अवकाशात वर वर सरकत जायचा, हे १९७७ पासून ठरलेलं. डिसेंबर २०१६ मध्ये 'रोग वन' आला, तेव्हा निळी अक्षरं उमटली, विझली, आणि पुढे काहीच ठरल्यासारखं झालं नाही. ओळखीचं संगीत नाही, सरकता मजकूर नाही. एकदम एका ग्रहाची कडी दिसली आणि कथा सुरू झाली. टाळीसाठी वर गेलेले हात तसेच राहिले. अंधारात कुणीतरी श्वास आत ओढल्याचं ऐकू आलं. नाराजी आणि उत्सुकता यांच्या मधला तो आवाज होता.

मी हा चित्रपट न्यू जर्सीत पाहिला, बहिणीच्या मुलासोबत. तो तिथेच जन्मला, तिथेच वाढला. मराठी समजतं, बोलताना अडखळतो, पण त्या दूरच्या आकाशगंगेतल्या ग्रहांची नावं त्याच्या तोंडून गावाकडच्या स्टेशनांसारखी ओळीनं येतात. रांगेत झगे घातलेली मुलं होती, हातात रंगीत प्रकाशाच्या तलवारी होत्या, आणि केस पिकलेली माणसंही तेवढीच होती. १९७७ साली शाळेत असलेली ती मुलंच आता आपल्या मुलांना घेऊन आली होती. भाचा मला सांगत होता, "मावशी, ह्यात ल्यूक नाहीये, हान नाहीये. ह्यात ते लोक आहेत, ज्यांच्याबद्दल आधी फक्त एक वाक्य होतं."

ते वाक्य पहिल्या चित्रपटाच्या सुरुवातीच्या मजकुरात आहे. बंडखोरांच्या हेरांनी साम्राज्याच्या महाभयंकर शस्त्राचे आराखडे पळवले, एवढंच त्यात सांगितलं आहे. ते सरकत सरकत वर गेलं, लहान झालं आणि ताऱ्यांमध्ये दिसेनासं झालं. मग राजकन्या लेया आली, रोबो आले, ल्यूक आला, आणि आराखडे कुणी, कसे, काय गमावून पळवले हे विचारायला कुणाला सवडच राहिली नाही. सगळ्या विजयाचा पाया त्या चोरीत होता, पण जॉर्ज लुकासची कथा चोरी होऊन गेल्यावर सुरू होत होती.

त्या वाक्याकडे परत वळलेला माणूस लेखक नव्हता. जॉन नोल हे 'इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक'मध्ये दृश्यपरिणामांचं काम करणारे. भावासोबत फोटोशॉप घडवणारे तेच. पडद्यावरच्या चित्रात कुठे काय कमी पडतंय हे पाहण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याच माणसाला कथेतली ही मोकळी जागा दिसावी, याचं मला फार अप्रूप वाटतं. दिग्दर्शक गॅरेथ एडवर्ड्सही मुळात चाहताच. वयाच्या तिशीत पाऊल टाकताना तो ट्युनिशियात गेला होता, ल्यूकचं घर जिथे चित्रित झालं ते पाहायला. चित्रपटाच्या शेवटी लेयाचं यान मोठ्या जहाजापासून सुटतं, तेव्हा तो खटका ओढणारा बंडखोर सैनिक म्हणून एडवर्ड्स स्वतः उभा आहे. लहानपणापासून पाहिलेल्या कथेचं यान आपल्या हातानं सोडायचं! चाहत्याला याहून मोठं भाग्य काय हवं?

आपल्याला ही ओढ परकी नाही. मराठी वाचकाला महाभारत ठाऊक असतं, शेवट ठाऊक असतो, तरी 'मृत्युंजय' हातात घेतला की कर्णाच्या रथाचं चाक या वेळी कदाचित रुतणार नाही, अशी वेडी आस धरून तो वाचत राहतो. 'युगान्त' वाचताना गांधारीच्या शेजारी जाऊन बसतो. मूळ कथा जिथे घाईनं पुढे गेली, तिथे थांबून कुणीतरी मागे वळावं, ही वाचकाची जुनीच मागणी आहे. एखादी कथा आपल्याला किती जवळची आहे, हे तिच्या नायकापेक्षा तिच्या कडेला उभ्या असलेल्यांवरून अधिक कळतं. नायकावर कुणीही प्रेम करतं. पाठमोऱ्या सैनिकाचं नाव विचारतो तो खरा घरचा माणूस.

आणि हे घरचे लोक काय काय विचारून ठेवतात! डेथ स्टार हे एवढं चंद्राएवढं शस्त्र, आणि दोन मीटरच्या एका भोकात क्षेपणास्त्र सोडलं की सगळं खलास, हे कसं? हा प्रश्न चाहत्यांनी जवळजवळ चाळीस वर्षं सांभाळला. शाळेच्या डब्याच्या सुट्टीत, कॉलेजच्या कट्ट्यावर, पुढे मुलांना झोपवताना. 'रोग वन'नं उत्तर दिलं: शस्त्र घडवायला जुंपलेल्या गेलन अर्सो नावाच्या शास्त्रज्ञानं ती दुबळी जागा जाणूनबुजून ठेवली होती. एका बापाचा सूड होता तो, आणि आपल्या मुलीपर्यंत पोचवायचा निरोपही. पडद्यावर हे उलगडलं तेव्हा आमच्या पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी शेजारच्या मुलाच्या मांडीवर थाप मारली. जुनी उधारी अखेर वसूल झाल्याचा आनंद त्या थापेत होता.

तशाच इतर खुणा. अर्सोंच्या स्वयंपाकघरात दिसलेलं निळं दूध, ज्याचा पेला १९७७ मध्ये ल्यूकच्या हाती होता. लढाईत पडलेला 'रेड फाइव्ह' वैमानिक, म्हणूनच तो क्रमांक पुढे ल्यूकला मिळाला. बंडखोरांची नेता मॉन मॉथ्मा हिच्या भूमिकेत जेनेव्हीव्ह ओराइली, जिचे २००५ च्या चित्रपटातले बहुतेक प्रसंग कापले गेले होते आणि जिला अकरा वर्षांनी तीच पांढरी वस्त्रं पुन्हा मिळाली. प्रत्येक खुणेला कुठल्यातरी खुर्चीतून हलकासा हुंकार यायचा. भाचा माझ्या कोपराला हात लावायचा, काही बोलायचा नाही. मला सगळं कळत नव्हतं, पण तो हुंकार मी ओळखत होते. कीर्तनात ओळखीचं आख्यान लागलं की मंडपातून येतो तोच.

प्रत्येक मोकळी जागा भरताना मात्र कुणाचीतरी जागा जाते. १९९५ साली 'डार्क फोर्सेस' नावाचा संगणकावरचा खेळ आला होता. त्यात काइल कटार्न नावाचा भाडोत्री योद्धा होता, आणि डेथ स्टारचे आराखडे तोच पळवत असे. ज्यांनी आपलं लहानपण त्या खेळात घालवलं, त्यांनी ते आराखडे स्वतःच्या बोटांनी पळवले होते. २०१४ च्या एप्रिलमध्ये लुकासफिल्मनं जाहीर केलं की कादंबऱ्या, कॉमिक्स, खेळ यांतून वाढलेला तो सगळा पसारा यापुढे दंतकथा समजला जाईल, अधिकृत इतिहास नव्हे. डिस्नेनं कंपनी विकत घेऊन तेव्हा दीड वर्ष होत आलं होतं. 'रोग वन' पाहून बाहेर पडणाऱ्या गर्दीत असे लोक होते, ज्यांना चित्रपट आवडला आणि तरी आतून कुणीतरी वजा झाल्यासारखं वाटलं. अशा माणसाला "अरे, ते सगळं काल्पनिकच होतं" असं सांगण्यात काही अर्थ नसतो. काल्पनिक तर दोन्ही होतं. एकाची आठवण त्याच्या बोटांत होती, एवढाच फरक.

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती एका चेहऱ्याची. साम्राज्याचा अधिकारी ग्रँड मॉफ टार्किन याची भूमिका १९७७ मध्ये पीटर कुशिंग यांनी केली होती. ते १९९४ साली वारले. 'रोग वन'मध्ये गाय हेन्री या नटानं टार्किन उभा केला आणि त्याच्या चेहऱ्यावर संगणकानं कुशिंग यांचा चेहरा चढवला. आधी खिडकीच्या काचेत प्रतिबिंब दिसतं, मग तो वळतो. वळल्याबरोबर सभागृहात जी चुळबुळ झाली ती मला अजून आठवते. काहींना ते विलक्षण वाटलं. काहींनी नजर डोळ्यांवरून काढून ओठांवर खिळवली, कारण डोळ्यांत काहीतरी हललं नव्हतं. कुशिंग यांच्या वारसदारांची परवानगी घेतलेली होती, काम अतिशय कसबी होतं, आणि तरीही एखाद्याला त्याच्या माघारी बोलायला लावल्यावर येते तशी अस्वस्थता हवेत राहिली.

त्याच चित्रपटात आणखी एकजण परत आला होता. ड्र्यू हेन्ली यांनी १९७७ मध्ये 'रेड लीडर' हा बंडखोर वैमानिक साकारला होता. त्या वेळी चित्रित झालेले, पण चित्रपटात न घेतलेले काही तुकडे सापडले, आणि शेवटच्या लढाईत ते वापरले गेले. अँगस मॅकिनिस यांच्या 'गोल्ड लीडर'चेही तसेच. विमानाच्या अरुंद कोठडीत तेच शिरस्त्राण, तोच जरा खरबरीत प्रकाश, तोच चेहरा. हेन्ली त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले होते. त्यांचा चेहरा दिसला आणि केस पिकलेल्या रांगांमधून टाळ्या आल्या, मनमोकळ्या. इथे कुणाची चुळबुळ नव्हती. एका चेहऱ्याला गणितानं घडवून आणलं होतं. दुसऱ्यावरून प्रकाश खरोखर परावर्तित झाला होता आणि चार दशकं डब्यात राहून मग पडद्यावर पडला होता. हा फरक प्रेक्षकांना कुणी समजावून सांगितला नव्हता, तरी त्यांच्या हातांना तो बरोबर कळला. गेलेल्या माणसाचं जे उरलं आहे ते जपावं, जे उरलं नाही ते घडवू नये, असं काहीतरी त्या टाळ्यांत आणि त्या चुळबुळीत मिळून होतं. मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. पूर्ण पटलं आहे असंही नाही, कारण नाटकात आपण कितीतरी पिढ्या मेलेल्या राजांना नव्या नटांच्या अंगावर पाहत आलोच.

मग स्कारिफ ग्रहावरची लढाई येते. मालदीवच्या किनाऱ्यावर चित्रित केलेलं हे युद्ध. नारळीसारखी झाडं, उथळ हिरवं पाणी, त्यात पांढऱ्या चिलखतांचे सैनिक. इथून पुढे चित्रपट एक एक माणूस मोजत जातो. के-टू हा रोबो दाराशी उभा राहून आत गेलेल्या दोघांना, गेलनची मुलगी जिन आणि बंडखोर हेर कॅसियन यांना, वेळ मिळवून देतो आणि दार बंद करून कोसळतो. बोधी, साम्राज्याकडून पळून आलेला मालवाहू वैमानिक, तार जोडतो, वर आरमाराला निरोप देतो, आणि त्याच्या पायाशी बॉम्ब पडतो. डॉनी येननं साकारलेला चिरूट नावाचा आंधळा योद्धा आपली श्रद्धा पुटपुटत गोळ्यांच्या वर्षावातून चालत जातो, मुख्य खटका ओढतो, आणि परत येताना पडतो. प्रत्येकाच्या वाट्याला एक दार, एक तार, एक खटका. ते झालं की त्याचं काम संपलं. शेवटी जिन आणि कॅसियन वाळूवर बसतात, डेथ स्टारच्या माऱ्यानं क्षितिजावरून प्रकाशाची भिंत सरकत येते, आणि दोघं एकमेकांना धरतात.

सुरुवातीला, म्हणे, लिहिणाऱ्यांनी काहींना वाचवलं होतं. एवढी सगळी माणसं मारू दिली जाणार नाहीत असं त्यांना वाटलं होतं. पण १९७७ च्या कथेत ही माणसं कुठेच नाहीत, मग ती गेलीच असणार. चाहत्याला हे सरळ गणित आधीपासून माहीत असतं. तरीही ती भिंत जवळ आली तेव्हा माझ्या बाजूची खुर्ची अगदी स्थिर झाली. भाचा सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना शोभेल इतका कठोर चेहरा करून समोर पाहत होता. त्या मिनिटात कुणीही खुणा शोधत नव्हतं.

आणि लगेच पुढे ती अंधारी मार्गिका. दार अडकलेलं, फटीपुरतं उघडं. अलीकडे सात-आठ बंडखोर, एकाच्या हातात आराखड्यांची चकती. काळोखात आधी तो श्वास ऐकू येतो, मग लाल पातं पेटतं. डार्थ व्हेडर. सभागृह किंचाळलं, टाळ्या वाजल्या, शिट्ट्या आल्या. पाच मिनिटांपूर्वी ज्यांच्यासाठी डोळे भरले होते, त्यांच्याच सोबत्यांना कापून काढणाऱ्याला ही सलामी! मला ते पहिल्यांदा सहन झालं नाही. पुढे घरी पुन्हा पाहताना मी व्हेडरकडे न पाहता त्या चकतीकडे पाहायचं ठरवलं. एक सैनिक दाराच्या फटीवर हात आपटतो, मदत मागतो, मग मदत येणार नाही हे त्याला कळतं आणि तो चकती फटीतून पलीकडे सरकवतो. पलीकडचा ती घेतो आणि पळतो. त्या सरकवणाऱ्या सैनिकाला चित्रपटात कुणी नावानं हाक मारत नाही. त्यानं हात आणखी क्षणभर दारावर आपटत ठेवला असता, तर १९७७ मध्ये सुरू होणारी कथा सुरूच झाली नसती. टाळ्यांचा राग मग उरला नाही. व्हेडर लहानपणची भीती होती, आणि ती तशीच्या तशी परत भेटल्याचा आनंद लोक साजरा करत होते. फक्त त्या हाताकडेही कुणी पाहावं, एवढं वाटतं.

चित्रपट लेयाच्या चेहऱ्यावर संपतो. तोही संगणकानं घडवलेला, एकोणीस-वीस वर्षांच्या कॅरी फिशरचा. ती एकच शब्द बोलते, आशा, आणि यान झेप घेतं. प्रदर्शनानंतर अकरा दिवसांनी, २७ डिसेंबरला कॅरी फिशर गेल्या. त्याच्या आधी पाहणाऱ्यांनी त्या चेहऱ्याच्या कडा तपासल्या होत्या, गाल खरे वाटतात की नाही यावर वाद घातले होते. नंतर पाहणाऱ्यांना तो वाद घालवेना. फ्रेममध्ये काहीही बदललं नव्हतं, तरी तो शेवट बदलला. चित्रपट छापून झाल्यावरही प्रेक्षकांच्या आयुष्यात घडत राहतो, हे इतकं थेट मी क्वचितच पाहिलं आहे.

एक प्रतिक्रिया मात्र या सगळ्या खुणांच्या पलीकडची होती. एका तरुणीनं आपल्या मेक्सिकोत जन्मलेल्या वडिलांना हा चित्रपट दाखवला. कॅसियनची भूमिका करणारा दिएगो लूना मेक्सिकोचा, आणि त्यानं आपलं इंग्रजी घासूनपुसून अमेरिकी केलेलं नाही. वडील बाहेर आले आणि विचारू लागले: हा नायक माझ्यासारखा बोलतो, आणि तरी चित्रपट चालला का? लोकांना आवडला का? मुलीनं हो म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. दिएगो लूनानं ही हकिकत स्वतः सगळ्यांना सांगितली, भारावून. त्या वडिलांना निळं दूध ठाऊक नसेल, रेड फाइव्ह ठाऊक नसेल. त्यांनी एक आवाज ओळखला. भाच्याच्या शेजारी बसून पाहताना मलाही बोधी रूक होणाऱ्या रिझ अहमदचा चेहरा असाच घरचा वाटला होता. चाहता होण्यासाठी सगळं माहीत असावं लागतं असं नाही. कधी आपल्यापैकी कुणी तिथे आहे एवढं पुरतं.

दोन वर्षांनी 'सोलो' आला. तरुण हानला भरती करणारा अधिकारी आडनाव विचारतो, तो एकटाच आहे म्हणून 'सोलो' लिहून टाकतो. खूप चाहते त्या प्रसंगी खट्टू झाले. तो चित्रपट अपेक्षेइतका चालला नाही आणि अशा उपकथांचा बेत मागे पडला. मला त्यातून एवढंच जाणवलं की प्रत्येक मोकळी जागा काही दुखावलेली नसते. काही जागा मोकळ्या असतात म्हणून तिथे आपल्याला फिरता येतं. आराखड्यांच्या वाक्यात मात्र मेलेली माणसं होती, आणि त्यांचं कुणी काही केलं नव्हतं.

पुढे टोनी गिलरॉयनं 'अँडोर' ही मालिका केली, २०२२ आणि २०२५ मध्ये, कॅसियनच्या आधीच्या वर्षांची. त्यात फेरिक्स नावाच्या गावात गेलेल्या माणसाची राख विटेत मिसळतात आणि ती वीट गावाच्या भिंतीत लावतात. एका वाक्याच्या मागे एक चित्रपट उभा राहिला होता, आता त्या चित्रपटाच्या मागे हे अख्खं गाव आलं. मालिका संपली की चाहते पुन्हा 'रोग वन' लावतात, मग १९७७ चा चित्रपट, आणि सांगतात की तो सरकता मजकूर आता पूर्वीसारखा वाचताच येत नाही.

मालिकेच्या अखेरीस कॅसियन ज्याला भेटायला निघतो, तो टिविक 'रोग वन'च्या सुरुवातीलाच मरतो. डेथ स्टारची बातमी तिथे तोच देतो. त्याचा हात दुखावलेला असतो, त्याला वर चढून पळता येणार नसतं, सैनिक जवळ आलेले असतात, आणि कॅसियन त्याला धीर देता देता गोळी घालतो. आपला कॅसियन, ज्याच्यासाठी आपण वाळूवर हळहळलो. टिविकचंही कुणी घरी वाट पाहत असेल. त्याच्याकडे वळणारा कुणी येईल का, आणि आला तर तो वळताना आणखी कुणाला एका वाक्यात सोडून पुढे जाईल? बहुधा जाईलच. कथा सांगायची म्हणजे कुणाला तरी कडेला ठेवावंच लागतं. मग चाहत्यांचं काम संपत नाही, आणि ते संपावं अशी माझी इच्छाही नाही.